टेहळणी गाड्या, महायुद्धकालीन : क्रमांकशोध व अवशिष्ट नमुने

शत्रूच्या हालचाली, रस्ते, पूल व उतार यांची पाहणी करून ती वार्ता तातडीने मागे पोहोचविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, हलके कवच असलेल्या लहान चाकी लष्करी वाहनांना टेहळणी गाड्या किंवा स्काउट गाड्या म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, इटली इ. देशांनी अशा गाड्या बांधल्या. ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांचे उत्पादन तर हजारोंच्या घरात होते. त्यांपैकी फारच थोड्या आज संग्रहालयांत व खाजगी संग्राहकांकडे उरल्या आहेत. उरलेली एखादी गाडी मुळात केव्हा व कोठे बांधली गेली, कोणत्या तुकडीकडे होती आणि कोणत्या रणक्षेत्रात वावरली, हे ठरविण्याचे प्रमुख साधन म्हणजे तिच्यावरील निरनिराळे क्रमांक होत. शिलालेख किंवा ताम्रपट जसा अस्सल की बनावट हे आधी पारखावे लागते आणि मगच त्यातील मजकुराचा आधार घेता येतो, तसेच या क्रमांकांचेही आहे. क्रमांक हा साक्षीदार आहे. पण त्याची उलटतपासणी केल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. आजची गाडी पुष्कळदा एका गाडीची नसून अनेक गाड्यांच्या भागांची बनलेली असते, ही गोष्ट या अभ्यासात सतत ध्यानात ठेवावी लागते.

प्रमुख प्रकार व उत्पादन : ब्रिटिश युद्धखात्याने १९३८ मध्ये लहान टेहळणी गाडीची मागणी पुढे ठेवली. अल्विस, मॉरिस व बी. एस. ए. या तीन कारखान्यांनी आपापले नमुने तयार केले. चाचण्यांत बी. एस. ए. चा नमुना पसंतीस उतरला व त्याचे उत्पादन त्याच उद्योगसमूहातील डेमलर या कारखान्याकडे सोपविण्यात आले. मे १९३९ मध्ये १७२ गाड्यांची पहिली मागणी नोंदविली गेली. ‘डिंगो’ हे ऑस्ट्रेलियातील रानटी कुत्र्याचे नाव खरे पाहता अल्विसच्या नमुन्याचे. पण तेच डेमलरच्या गाडीस चिकटले. १९४५ पर्यंत अशा ६,६२६ गाड्या तयार झाल्या.

डिंगोत चालक व सोबती अशी दोनच माणसे बसत. गाडीची लांबी सु. ३.१८ मी., रुंदी सु. १.७१ मी. व उंची सु. १.५ मी. असून वजन सु. ३ टन होते. पुढील कवच ३० मिमी. व बाजूंचे १२ मिमी. जाडीचे होते. मागील बाजूस बसविलेले सहा सिलिंडरांचे २.५ लिटर क्षमतेचे पेट्रोल एंजिन ५५ अश्वशक्ती देई. कमाल वेग ताशी सु. ८९ किमी. आणि एका भरणीत जाण्याचा पल्ला सु. ३२० किमी. होता. गाडीची गतिपेटी पूर्वनिवडीच्या पद्धतीची असून पुढे व मागे दोन्ही दिशांना पाच-पाच गती उपलब्ध असत. चालकाची बैठक किंचित तिरपी असल्याने खांद्यावरून पाहत गाडी वेगाने मागे नेणे त्याला शक्य होई. टेहळ्याला लढाईपेक्षा सुखरूप परत येणे अधिक महत्त्वाचे, हे तत्त्व या रचनेत उतरले होते. टायर जवळजवळ भरीव रबराचे असल्यामुळे जादा चाक बाळगावे लागत नसे. शस्त्र म्हणून बहुधा एक ब्रेन यंत्रबंदूक असे.

डिंगोचे पाच उपप्रकार झाले आणि क्रमांकशोधात त्यांतील फरक फार उपयोगी पडतात. मार्क–१ ची चारही चाके सुकाणूने वळत. छत सरकते होते. मार्क–१ए मध्ये घडीचे छत आले. मार्क–१बी मध्ये एंजिन थंड करणाऱ्या पंख्याच्या हवेची दिशा उलट करण्यात आली. चारही चाके वळणारी गाडी अननुभवी चालकांना आवरत नसे, म्हणून मार्क–२ पासून फक्त पुढची चाके वळती ठेवली. मार्क–३ मध्ये एंजिनाची प्रज्वलनव्यवस्था जलरोधी करण्यात आली व छत काढून टाकण्यात आले.

डेमलरचे उत्पादन अपुरे पडू लागल्यावर रूट्स समूहाने हंबर टेहळणी गाडी बांधली. १९४२ पासून अशा सु. ४,३०० गाड्या तयार झाल्या. कॅनडात फोर्ड कंपनीने विंडसर (आँटॅरिओ) येथे डिंगोच्या धर्तीवर ‘लिंक्स’ ही गाडी बांधली. तिच्यात ९५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे फोर्ड एंजिन होते व तिची एकूण संख्या ३,२५५ भरली. इटलीत लान्चा कारखान्याने डिंगोची नक्कल करून ‘लिंचे’ ही गाडी काढली. दोन्ही नावांचा अर्थ एकच, लिंक्स हे रानमांजर. ऑस्ट्रेलियात १९४२ मध्ये फोर्ड मोटारट्रकच्या सांगाड्यावर २४५ गाड्या बांधण्यात आल्या व त्यांनाही ‘डिंगो’ असेच नाव मिळाले. डेमलरच्या गाडीशी त्यांचा यांत्रिक संबंध नाही. केवळ नावावरून नोंदी जुळविणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

अमेरिकेत क्लीव्हलंड येथील व्हाइट मोटर कंपनीने बांधलेली एम३ए१ ही स्काउट गाडी आकाराने बरीच मोठी होती. तिच्यात दोन चालक व सहा सैनिक बसत. कवच ६ ते १३ मिमी. एवढेच असून वरचा भाग उघडा होता. अंगाभोवती यंत्रबंदुका सरकविण्यासाठी रूळ व पुढे खड्ड्यातून निघण्यासाठी रूळगोळा असे. अशा सु. २०,९०० गाड्या तयार झाल्या व त्यांपैकी ३,३०० हून अधिक उधार-पट्टा योजनेखाली सोव्हिएट रशियास गेल्या.

क्रमांकांचे प्रकार : एकाच गाडीवर परस्परांहून भिन्न असे अनेक क्रमांक आढळतात. प्रत्येकाचा जनक, हेतू व टिकाऊपणा वेगळा असतो.

(१) कारखान्याचा सांगाडा-क्रमांक : हा धातूवर ठोकलेला किंवा पितळी वा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरलेला असतो. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक अधिक विश्वसनीय होय. कारण पट्टी दोन खिळ्यांनी लावलेली असल्याने एका गाडीवरून दुसरीवर सहज जाते.

(२) एंजिन-क्रमांक : हा एंजिनाचा जन्मक्रमांक असतो, गाडीचा नव्हे. लष्करी कर्मशाळांत एंजिने सर्रास बदलली जात. त्यामुळे युद्धानंतर सांगाडा व एंजिन यांची मूळ जोडी क्वचितच टिकलेली दिसते.

(३) कवचपत्र्यांवरील ठसे : कवच लाटणाऱ्या व तपासणाऱ्या कारखान्यांच्या खुणा पत्र्याच्या आतील बाजूस वा सांध्याजवळ सापडतात. त्यांवरून गाडीची ओळख थेट पटत नाही. पण कालमर्यादा आखता येते.

(४) लष्करी गणनाक्रमांक : ब्रिटिश युद्धखाते प्रत्येक वाहनास एक अक्षर व त्यापुढे अंक असा क्रमांक देई. ‘टी’ हे अक्षर साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनांसाठी, ‘एफ’ चाकांच्या चिलखती व टेहळणी गाड्यांसाठी, ‘एल’ मालमोटारींसाठी, ‘एम’ मोटारींसाठी, ‘सी’ मोटारसायकलींसाठी व ‘ए’ रुग्णवाहिकांसाठी असे. म्हणून डिंगो व हंबर या गाड्यांवर ‘एफ’ ने सुरू होणारे क्रमांक रंगविलेले असत. अमेरिकन गाड्यांवर युद्धखात्याचे निदर्शक ‘डब्ल्यू’ हे अक्षर व त्यापुढे नोंदणीक्रमांक असे. या क्रमांकाचे पहिले अंक वाहनाचा वर्ग दाखवीत. स्काउट व चिलखती गाड्यांचा वर्ग ‘६०’ हा होता. क्रमांकाअखेर ‘एस’ असल्यास त्या गाडीच्या विद्युत्-यंत्रणेमुळे बिनतारी संदेशात येणारा व्यत्यय दाबून टाकलेला आहे, असा त्याचा अर्थ होई. आरंभी हे आकडे निळसर मंद रंगात व पुढे पांढऱ्या रंगात काढले जात.

(५) तुकडीची चिन्हे : सैन्यविभागाचे बोधचिन्ह, रंगीत चौकोनातील तुकडीचा अंक व पिवळ्या वर्तुळातील पूलभाराचा अंक या खुणा ब्रिटिश व राष्ट्रकुलीय गाड्यांवर असत. उदा., सातव्या चिलखती डिव्हिजनचे चिन्ह जेर्बोआ हा वाळवंटी उंदीर, तर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे तांबडा गरुड हे होते. या खुणा गाडीची ओळख सांगत नाहीत. ती कोणाच्या सेवेत होती एवढेच सांगतात. गाडी दुसऱ्या तुकडीकडे गेली की त्या पुसल्या जात.

(६) युद्धोत्तर क्रमांक : ब्रिटनने १९४९ मध्ये नवी नोंदणीपद्धती सुरू केली. दोन अंक, दोन अक्षरे व पुन्हा दोन अंक अशी तिची मांडणी होती. युद्धकाळातून उरलेल्या वाहनांना ‘वाय’ व ‘झेड’ या अक्षरांनी सुरू होणारे गट देण्यात आले. युद्धकाळात मोडलेल्या, हरवलेल्या वा परदेशी दिलेल्या गाड्यांना हा क्रमांक मिळालाच नाही. त्यामुळे एखाद्या गाडीवर असा क्रमांक सापडला, तर ती १९४९ साली ब्रिटिश सेनेत होती एवढे निश्चित होते.

गणनाक्रमांकांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. मोठा क्रमांक म्हणजे नंतर बांधलेली गाडी, असे मानले जाते. वस्तुतः क्रमांकांचे गट गाडी तयार होताना नव्हे, तर कराराच्या वेळी राखून ठेवले जात. एकाच वेळी दोन करारांचे काम चालू असे. एखादा करार कमी केल्यास त्यातील उरलेले क्रमांक रिकामे राहत. म्हणून क्रमांकांचा क्रम हा बांधणीचा क्रम नव्हे आणि सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे एकूण संख्याही नव्हे.

क्रमांकांवरून संख्येचे अनुमान : क्रमांक किती बोलका असतो, याचे उत्तम उदाहरण युद्धकाळातच घडले. हस्तगत केलेल्या जर्मन रणगाड्यांवरील अनुक्रमांक जमवून जर्मनीचे उत्पादन किती असावे, याचे गणित दोस्त राष्ट्रांच्या अर्थयुद्ध विभागातील संख्याशास्त्रज्ञांनी मांडले. तत्त्व सोपे आहे. क्रमांक १ पासून अखंड चालत असतील, तर सापडलेल्या क्रमांकांपैकी सर्वांत मोठ्या क्रमांकास नमुन्यांच्या संख्येने भागावे, आलेला भागाकार त्याच मोठ्या क्रमांकात मिळवावा व त्यातून १ वजा करावा. पाच गाड्या सापडल्या व त्यांतील सर्वांत मोठा क्रमांक ६० असला, तर ६० अधिक १२ वजा १, म्हणजे ७१ हे अनुमान निघते. जून १९४० मध्ये जर्मनीचे मासिक उत्पादन हेरखात्याच्या अंदाजाने १,००० होते, तर या पद्धतीने १६९. जून १९४१ साठी हे आकडे अनुक्रमे १,५५० व २४४ होते, तर ऑगस्ट १९४२ साठी १,५५० व ३२७. युद्धानंतर जर्मन दप्तरे हाती आली, तेव्हा प्रत्यक्ष उत्पादन अनुक्रमे १२२, २७१ व ३४२ असल्याचे आढळले. पुढे केवळ दोन पँथर रणगाड्यांच्या चाकांवरील साच्याच्या खुणांवरून फेब्रुवारी १९४४ चे उत्पादन २७० असावे असे ठरविण्यात आले; प्रत्यक्षात ते २७६ होते.

या यशामागील अट मात्र विसरता कामा नये. जर्मन गतिपेट्यांचे क्रमांक अखंड होते व हस्तगत रणगाडे निवडून घेतलेले नव्हते. आज उरलेल्या टेहळणी गाड्यांना हीच रीत लावल्यास उत्तर चुकते. कारण त्यांचे गणनाक्रमांक तुटक गटांत आहेत आणि उरलेल्या गाड्या हा निष्पक्ष नमुना नाही.

ओळख का तुटते : युद्धकाळात गाडीची ओळख जपणे हे कोणाचेच मुख्य काम नव्हते. तुकडीला चालती गाडी हवी असे. सुरुंगाने पुढचा भाग गेलेली व आगीत एंजिन जळालेली अशा दोन गाड्या कर्मशाळेत आल्या, तर दोहोंतून एक धडकी गाडी बाहेर पडे. तिला कोणता क्रमांक द्यावयाचा हे मुकादमाच्या सोयीवर अवलंबून असे. तळावरील मोठ्या कर्मशाळांत तर गाड्या पूर्ण उकलून प्रत्येक भाग वेगळा दुरुस्त केला जाई व हाताशी येईल तो भाग पुढच्या गाडीवर चढे.

शत्रूच्या हाती पडलेल्या गाड्यांची कथा वेगळी आहे. फ्रान्समधील मोहिमेत ब्रिटिश सेनेने मार्क–१ डिंगो वापरल्या; पहिली चिलखती डिव्हिजन व नॉर्थंबरलंड फ्युझिलिअर्सची चौथी पलटण यांच्याकडे त्या होत्या. मे-जून १९४० मधील माघारीत ब्रिटिश सेनेला सु. ६४,००० वाहने फ्रान्समध्ये टाकून यावे लागले. हस्तगत झालेल्या डिंगो जर्मनांनी आपल्या सेवेत घेतल्या व त्यांना ‘हलकी चिलखती टेहळणी गाडी २०२ (ई)’ असे नाव दिले. कंसातील अक्षर मूळ इंग्रजी असल्याचे दर्शक होते. अशा गाडीवर ब्रिटिश क्रमांकावर जर्मन रंग व जर्मन क्रमांक चढला.

युद्धानंतर गाड्या अनेक देशांत पांगल्या. ब्रिटिश सेनेत १९५२ पासून फेरेट ही गाडी डिंगोची जागा घेऊ लागली. तरी सायप्रस, पोर्तुगाल व श्रीलंका येथे डिंगो १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सेवेत होत्या. प्रत्येक देशाने आपला रंग व आपला क्रमांक दिला. उरलेल्या गाड्या भंगारात निघाल्या, शेतावर ओढगाडी म्हणून राबल्या किंवा तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून उभ्या राहिल्या. आज जतन झालेल्या काही गाड्या अशा सरावमैदानांतूनच बाहेर काढलेल्या आहेत.

नोंदसाधने : गाडीवरील क्रमांक कागदाशी जुळल्याखेरीज त्यास ऐतिहासिक अर्थ येत नाही. करारपत्रके कोणत्या कारखान्यास कोणता क्रमांकगट दिला हे सांगतात. कारखान्याच्या रवानगीवह्यांत सांगाडा व एंजिन यांची मूळ जोडी मिळू शकते. तुकड्यांच्या युद्धदैनंदिनी हे तिसरे साधन होय. ब्रिटिश व भारतीय तुकड्यांच्या दैनंदिनी लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात रणक्षेत्रवार लावलेल्या आहेत : फ्रान्समधील १९३९–४० च्या एका मालेत, मध्यपूर्वेच्या दुसरीत, इटलीच्या तिसरीत, वायव्य यूरोपच्या चौथीत व आग्नेय आशियाच्या पाचवीत. तथापि दैनंदिनीत ‘दोन टेहळणी गाड्या गमावल्या’ एवढेच बहुधा लिहिलेले असते; गाडीचा क्रमांक लिहिण्याची उसंत लेखनिकास क्वचितच मिळे. या उणिवेमुळे छायाचित्राचे महत्त्व वाढते. छायाचित्रात गणनाक्रमांक व तुकडीची खूण एकाच वेळी दिसत असली व दिनांक ठाऊक असला, तर ती गाडी त्या दिवशी त्या तुकडीकडे होती हे सिद्ध होते. चौथे साधन १९४९ नंतरची वाहनपत्रके. त्यांत जुना व नवा क्रमांक शेजारी असल्यास तुटलेला दुवा जुळतो.

भारतीय संदर्भ : इटलीतील मोहिमेत चौथ्या, आठव्या व दहाव्या भारतीय डिव्हिजनांच्या टेहळणीचे काम अनुक्रमे सेंट्रल इंडिया हॉर्स, सहावी ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन लान्सर्स व स्किनर्स हॉर्स या रेजिमेंटांनी केले. १९४७ च्या फाळणीत सहावी लान्सर्स पाकिस्तानकडे व उरलेल्या दोन भारताकडे आल्या. सामग्रीची व दप्तरांचीही वाटणी झाली. म्हणून इटलीतील भारतीय टेहळणी दलाचा माग काढणाऱ्या अभ्यासकास दोन देशांतील रेजिमेंटांची दप्तरे व क्यू येथील दैनंदिनी अशा तीन ठिकाणी शोध घ्यावा लागतो.

युद्धकाळात भारतातही चिलखती वाहने तयार झाली. ‘भारतीय नमुन्याचे चाकी वाहक’ या नावाच्या या गाड्यांसाठी सांगाडे कॅनडातील फोर्ड कंपनीकडून येत व टाटांच्या जमशेटपूर येथील पोलादाचे कवच भारतात चढविले जाई. त्यांची एकूण संख्या ४,६५५ होती व भारतीय डिव्हिजनांनी टेहळणीसाठी त्यांचा वापर केला. या गाडीचा सांगाडा-क्रमांक कॅनडातील व कवचावरील खुणा भारतातील असणार हे उघड आहे. दोन्ही अस्सल असूनही ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळणे हीच येथे अस्सलतेची खूण ठरते.

महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय स्थापन केले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून पुढच्या पिढ्यांतील रणगाड्यांपर्यंत अनेक नमुने तेथे एकत्र पाहावयास मिळतात. चाकी चिलखती गाड्यांच्या रचनेचा विकास मराठी वाचकास प्रत्यक्ष पाहता येईल असे हे जवळचे ठिकाण होय.

अवशिष्ट नमुन्यांचा कल : काय उरले यावरून काय होते याचा अंदाज करताना विशेष सावधगिरी लागते. मार्क–१ डिंगो मुळात थोड्या. त्यांतील बऱ्याच फ्रान्समध्ये गेल्या. युद्धाच्या उत्तरार्धातील मार्क–२ व मार्क–३ गाड्या संख्येने अधिक होत्या, युद्ध संपताना चालत्या स्थितीत होत्या व पुढे मित्रराष्ट्रांना देण्यात आल्या. म्हणून त्या अधिक टिकल्या. परिणामी संग्रहालयांत दिसणारी डिंगो ही बहुधा विजयाच्या वर्षांतील गाडी असते. १९४० च्या पराभवातील गाडी जवळजवळ दिसत नाही. पाहणाऱ्याच्या मनावर नकळत असा ठसा उमटतो, की ही सेना नेहमीच सुसज्ज होती. जे नष्ट झाले त्याची साक्ष द्यावयास कोणी उरत नाही, ही इतिहाससाधनांची सर्वसाधारण मर्यादा येथे लोखंडातही दिसते.

याउलट नेदर्लंड्समधील ओव्हरलोन येथील संग्रहालय हे १९४६ मध्ये प्रत्यक्ष रणभूमीवरच सुरू झाले. १९४४ च्या शरदात तेथे झालेल्या लढाईत निकामी होऊन पडलेली वाहने तेथेच ठेवण्यात आली. अशा वाहनांची जागा, दिनांक व इजा या तिन्ही गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. क्रमांक पुसट झाला तरी ओळख हरवत नाही. इंग्लंडमधील बॉव्हिंग्टन (डॉर्सेट) येथील रणगाडा संग्रहालयात वाहनांबरोबर कागदपत्रांचाही मोठा संग्रह असल्याने वस्तू व नोंद यांची तुलना तेथे एकत्र करता येते.

परीक्षणाची पद्धती : समजा, एका संग्राहकाकडील डिंगोवर ‘एफ’ ने सुरू होणारा पांढरा क्रमांक व १९४० सालच्या एका तुकडीची खूण आहे. परीक्षकाने प्रथम रंगाकडे न पाहता रचनेकडे पाहावे. मागची चाके वळत नसतील, तर एक तर ती मार्क–२ वा त्यानंतरची आहे किंवा जुन्या गाडीचे सुकाणू नंतर बदलले आहे. मागच्या आसावर जुन्या सुकाणूच्या जोडांच्या खुणा असल्यास दुसरी शक्यता उरते. नसल्यास १९४० ची खूण टिकत नाही. दुसऱ्या पायरीवर ठोकलेला सांगाडा-क्रमांक व पट्टीवरील क्रमांक ताडून पाहावेत. पट्टीचे खिळे, त्यांखालील रंग व पट्टीमागील गंज यांवरून ती मूळची की नंतर लावलेली हे बरेचसे कळते. तिसऱ्या पायरीवर रंगाचे थर तपासावेत. कवचावर एकावर एक बसलेले रंग हा गाडीच्या सेवेचा कालक्रम असतो. बारीक ओल्या घासकागदाने एकेक थर संथपणे उतरविल्यास खालचे जुने आकडे उमटतात. आफ्रिकेतील वाळूचा रंग, त्यावरील यूरोपातील हिरवट तपकिरी व त्यावरील युद्धोत्तर गडद हिरवा असा क्रम लागल्यास गाडीचा प्रवास वाचता येतो. शेवटी सापडलेला आकडा करारपत्रके व छायाचित्रे यांच्याशी ताडावा. रचना, ठसा, रंग व कागद या चार साक्षींपैकी किमान तीन जुळल्या, तर ओळख स्वीकारावी. एरवी ‘अनिश्चित’ अशी नोंद करावी. अनिश्चिततेची प्रामाणिक नोंद ही चुकीच्या निश्चितीपेक्षा पुढच्या अभ्यासकास अधिक उपयोगी पडते.

जीर्णोद्धार व पुराव्याचा नाश : वाळूच्या झोताने गंज काढण्याची पद्धत जलद व स्वस्त आहे. तिने गाडी एका दिवसात स्वच्छ होते आणि त्याच दिवशी रंगाचे सर्व थर, म्हणजे तिचा सर्व लिखित इतिहास, नाहीसा होतो. त्यानंतर एखाद्या नामांकित डिव्हिजनचे चिन्ह व पुस्तकातील छायाचित्रात दिसणारा क्रमांक रंगविला जातो. हेतू बहुधा फसवणुकीचा नसतो. प्रेक्षकाला ओळखीचे चिन्ह दिसावे, एवढाच असतो. परंतु काही वर्षांनी तो रंगही जुना दिसू लागतो, तिचे छायाचित्र दुसऱ्या पुस्तकात छापले जाते व त्या पुस्तकाच्या आधारे तिसरी गाडी रंगविली जाते. एकच गणनाक्रमांक दोन गाड्यांवर दिसतो तो असा. यास उपाय म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी सर्व ठसे, पट्ट्या व थर यांची छायाचित्रे व मापे घेणे, निदान एका भागावरील मूळ रंग तसाच ठेवणे, आणि नव्याने रंगविलेला क्रमांक हा प्रतिरूप असल्याचे फलकावर स्पष्ट लिहिणे.

यात केवळ यंत्रप्रेमींच्या हौसेचा प्रश्न नाही. टेहळणी गाडीत दोन माणसे असत. मुख्य सैन्याच्या कितीतरी पुढे, बहुधा एकाकी, ती वावरत. न परतलेल्या गाडीचे काय झाले हे सांगणारे कोणी मागे नसे. दैनंदिनीतील एक ओळ व कवचातील एक भोक एवढीच त्यांची नोंद उरते. ते भोक बुजवून त्यावर दुसऱ्याच गाडीचा क्रमांक लिहिला, तर एका गाडीला खोटे पूर्वज मिळतात आणि दुसऱ्या दोघांची शेवटची खूण पुसली जाते. म्हणून अवशिष्ट गाडीस मोठा इतिहास जोडून देण्यापेक्षा तिचा स्वतःचा, लहान व तुटक का असेना, पण खरा इतिहास शोधून तो जतन करणे हे क्रमांकशोधाचे प्रयोजन होय.